कापलेली मडगार्डं

ग्राइंडर मी चालवला. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या गाडीवरून लोक अजून आमच्या मालकांना बोल लावतात, आणि मालकांनी तिच्या पत्र्याला पातं टेकवलंसुद्धा नव्हतं.

मलकापुरात हायवेच्या कडेला आमची शेड आहे. मालक, म्हणजे माझे यजमान, डेंटर. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात नाही. मी फायबरचं काम करते. साच्यात काचेच्या धाग्याचं कापड अंथरायचं, त्यावर रेझिन चोपडायचं, वाळलं की तासायचं. लग्न होऊन आले तेव्हा ट्रॅक्टरची टपं करायचो. पुढं पोरांना गाडीला रुंद मडगार्डं, जमिनीला टेकलेले बंपर आणि मागं पंख लावायची हौस सुटली आणि माझं काम वाढलं. बॉडी किट म्हणतात त्याला. अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, पण मला ते काम आवडतं. मी केलेल्या किटला मात्र लोक मिस्त्रींचं, म्हणजे मालकांचं, काम म्हणतात. म्हणेनात का, असं मी वरवर म्हणायची. आतून लय राग यायचा.

एके दिवशी विट्याचे एक गलाईवाले टेम्पोत गाडी घालून आले. गलाई म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं. विट्याकडची निम्मी माणसं त्या धंद्यात देशभर पांगली आहेत. हे कोइमतूरला तीस वर्षं काढून आलेले. टेम्पोतनं उतरली ती जुनी विलायती स्पोर्ट्स कार. दोन दरवाजे, दोनच सीटा, लांब नाक, गोल दिवे. मालकांनी आधी हात पुसले आणि मग मागच्या मडगार्डावरनं फिरवले. "काय वळण दिलंय गं," एवढंच म्हणाले. स्वतःच्या लग्नातसुद्धा हा माणूस एवढा हरखला नव्हता.

गलाईवाले माझ्याकडं वळले. "वहिनी, हिला अशी करा की कुणी वळखू नये."

मला वाटलं, चोरीची आहे की काय. तसं काही नव्हतं. कोइमतूरात त्यांच्या दुकानाशेजारी एका शेठची सराफी पेढी होती. गाडी शेठची. शेठ थकले, पोरांनी ती विकायला काढली, तेव्हा यांनी घेतली. जत्रेला गावी आणली तर जो तो विचारी, शेठनं दिली व्हय? "आवं, दिली न्हाई, घेतली. भट्टीसमोर बसून घाम गाळलाय मी. तरी गाव म्हणतंय शेठची गाडी. एक म्हातारं म्हणालं, शेठ चांगला दिसतोय, जुनं-पानं देऊन टाकतोय." मग गाडीवर हात ठेवून म्हणाले, "आमच्यात पाटल्या येऊ द्यात न्हाईतर मंगळसूत्र, मुशीत गेलं की नुसतं सोनं. कुणाचं व्हतं ते कोण इचारत न्हाई. मला ही गाडी तशी माझी करून पायजे."

त्यांचं बोलणं मला जागच्या जागी पटलं. दुसऱ्याच्या नावाखाली राहायचं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

मालक म्हणाले, करू, पण पत्र्याला हात न लावता. वरनं बोल्टनं बसवू, उद्या काढता येईल असं. गलाईवाल्यांना मात्र रुंद टायर हवे होते, आणि रुंद टायर त्या मडगार्डात मावत नव्हते. चारी कमानी कापाव्या लागणार होत्या.

"मी न्हाई कापणार," मालक म्हणाले. "तुमचं सोनं वितळून परत येतं. ह्यो पत्रा कापला की गेला."

"गाडी त्यांची आहे की तुमची?" मी म्हटलं.

"त्यांचीच हाय. पण बनवणाऱ्याचंबी काही ऱ्हातं का न्हाई त्यात?"

दोन दिवस घरात याच्यावरनं धुसफूस. तिसऱ्या दिवशी मालक कुंडलला एका नातलगाकडं गेले आणि मी ग्राइंडर हातात घेतला. ठिणग्या उडाल्या, पत्रा किंचाळला, पहिला तुकडा पायाशी पडला. उचलला तर चटका बसला. घाबरले नाही म्हणणार नाही, पण थांबलेही नाही. चारी कापले आणि त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकले, म्हणजे पुन्हा वाद नको. मालक आले, गाडीपाशी उभे राहिले, हात धुतले आणि जेवायला बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

किट मात्र मी जीव ओतून केलं. खोटं कशाला बोलू, आजवर केलेल्यांत ते सगळ्यांत सरस. गाडी दोन वीत रुंद झाली, जमिनीला चिकटली, नाक बदललं, दिवे झाकले, वर भगभगीत नारिंगी रंग. गलाईवाले तिच्याभोवती फिरत राहिले. "आता झाली माझी," म्हणाले आणि चक्क माझ्या पाया पडायला वाकले. मी मागं सरले.

सांगलीत जुन्या गाड्यांचे शौकीन रविवारी जमतात. तिथं त्यांनी गाडी नेली आणि मलाही बोलावलं. निम्मे लोक वाकून वाकून फोटो काढत होते, निम्म्यांनी पाठ फिरवली. एक निवृत्त डॉक्टर मला म्हणाले, "ताई, अशा गाड्या आता उरल्यात किती? त्यांतली एक तुम्ही मारली." मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. म्हटलं, "डॉक्टर, ज्यांची गाडी त्यांना हवी तशी केली. तुम्हाला बघवत नसेल तर तिकडं तोंड करा." पोरं हसली. डॉक्टर हसले नाहीत. पुढं आठवडाभर त्यांच्या फोनवरच्या ग्रुपात रणकंदन माजलं. कुणी खून म्हणे, कुणी म्हणे ज्याची गाडी त्याची मर्जी, जुनी आहे म्हणून काय पूजेला बसवायची? गलाईवाले ते मला धाडायचे आणि मी मालकांना मुद्दाम वाचून दाखवायची. ते ताट उचलून बाहेर जायचे.

मग गलाईवाल्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं, विट्यात. आम्हाला सहकुटुंब आमंत्रण. दुपारी जेवणं उरकली, पाठवणीसाठी नारिंगी गाडी फुलांनी सजवून कार्यालयाच्या दारात लावलेली. आम्ही दोघं तिच्याजवळच उभे होतो. तेवढ्यात गलाईवाले एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हात धरून आले. पांढरी लुंगी, जाड चष्मा, पाय लटपटत. तेच शेठ. एवढ्या लांबून लग्नाला आले होते. गलाईवाल्यांचा चेहरा पार उतरलेला.

शेठ मोडक्या हिंदीत बोलत होते, मी मराठीत सांगते. त्यांनी आम्हाला नमस्कार केला आणि गलाईवाल्यांना विचारलं, "माझी गाडी कुठं आहे? मी तिच्यासाठी पण आलोय." मग स्वतःच हसत सांगायला लागले. ही नवरी जन्माला यायची होती तेव्हा कोइमतूरात बंद होता, रिक्षा मिळेना. शेठनं भर दुपारी ती गाडी काढली आणि गलाईवाल्यांच्या बायकोला शेजारी बसवलं. सीटा दोनच. "हा बिचारा सायकल मारत मागनं आला, घामानं निथळत. आणि मी देवाला म्हणत होतो, पोर सीटवर होऊ देऊ नकोस रे बाबा." दवाखान्यात पोचल्यावर घटकाभरात मुलगी झाली. "आता तिला त्याच गाडीत बसून सासरी जाताना बघायचं होतं. दाखव की."

गाडी त्यांच्यापासून हातभर लांब होती.

गलाईवाल्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "विकली, शेठ."

"कधी?"

"झालं वरीस."

शेठ म्हणाले, "अडचण असेल तुझी. असो. ज्यानं घेतली त्यानं नीट ठेवली म्हणजे झालं." उभं राहवेना म्हणून त्यांनी आधाराला हात टेकला, तो गाडीच्याच टपावर. तेवढं टप आम्ही बदललं नव्हतं. त्यांना काही कळलं नाही. गलाईवाले खुर्ची आणायला म्हणून गेले ते लवकर आलेच नाहीत. हॉलच्या मागं, आचाऱ्यांच्या भांड्यांपाशी, तोंडाला उपरणं लावून हुंदके देत होते, असं मालकांनी नंतर सांगितलं.

मी तिथंच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. हीच ती, शेठ, मी कापली. शेडमध्ये, सांगलीत, घरात, कुठंही जीभ आवरली नाही मी, आणि तिथं मला तेवढं वाक्य बोलवलं नाही. मालक सगळं बघत होते. वाटलं, आता हे बोलतील. त्यांनी फक्त शेठच्या कोपराला हात दिला, पडू नयेत म्हणून.

नवरी आली. रडारड झाली, दोघं गाडीत बसली. शेठनं पुढं होऊन काचेतनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी सुरू झाली आणि ते तिथं उभे राहून हात हलवत राहिले, गाडी वळणाआड जाईपर्यंत. मग मालकांना म्हणाले, "ती गाडी असती तर किती बरं झालं असतं."

"व्हय," मालक म्हणाले.