याडीच्या पायातली कडी

लंगड्या बैलाला बाजारात आणायच्या आधी सुई टोचतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी सुई दिली की दुपारपर्यंत बैल ताठ चालतो. गिऱ्हाईक खूश होऊन कासरा हातात घेतं आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यात बैल तीन पायांवर उभा. मी दलालीत नवा होतो तेव्हा एकाने असाच बैल माझ्या गळ्यात बांधला होता. तो राग अजून निवलेला नाही. तेव्हापासून मी आधी जनावराच्या मागे उभा राहतो, त्याला चालवायला लावतो, खुराच्या वर अंगठा दाबून बघतो आणि मगच भावाचं बोलतो.

आणि माझ्यासारख्याच्याच घरात ती सुई शिरली.

आम्ही सेनगावकडच्या तांड्यावरचे. आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले. आम्ही शेतीत पडलो. आईला आम्ही याडी म्हणतो. हिंगोली अजून जिल्हा झाली नव्हती, त्या सुमाराला याडीचे गुडघे धरले. भिंतीला हात लावल्याशिवाय उठता येईना. तरी रोज सकाळी ती एकटी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, जायची आणि जनावरं स्वतः सोडायची. हे काम तिने सुनेलाही दिलं नव्हतं. म्हणायची, "ज्या दिवशी मला आखाड्यावर उचलून न्याल, त्या दिवशी परत आणू नका."

मी तिला हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ओट्यावर सगळी म्हातारी माणसं, सगळ्यांचं दुखणं गुडघ्याचं नाहीतर कमरेचं. औषधं तिथूनच फुकट मिळायची, म्हणून गावोगावहून लोक यायचे. डॉक्टर वर न बघता विचारायचे, "काय होतंय?" आणि उत्तर संपायच्या आत लिहून मोकळे. बाहेर आल्यावर मी शेजारच्या दोघांच्या पुड्या उघडून बघितल्या. सगळ्यांना त्याच पांढऱ्या गोळ्या, त्याच पिवळ्या. दात न बघता सगळ्या बैलांना एकच भाव!

मी परत आत शिरलो. "साहेब, गुडघा तर बघा. चष्मा कागद बघायला लावला का?"

"मागे लाईन आहे, काका."

"लाईन माझ्या बापाची न्हाई. माझी माय हाय."

शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. याडी ओट्यावर बसून हसत होती. "तुझ्या तोंडानं मला अर्धी गोळी कमी भेटली असंल."

त्या गोळ्यांनी तिला थोडा आराम पडला. इकडे लोक दुखण्याचा हिशोब आण्यांत सांगतात. तिला विचारलं की म्हणायची, "रुपयातले चार आणे फरक हाय." चार आण्यांवर समाधान मानणं माझ्या रक्तात नाही. बाजाराच्या गावात एक खासगी डॉक्टर होता. त्याच्याकडे म्हातारे काठी टेकत जायचे आणि काठी काखेत मारून परत यायचे. मी याडीला तिकडे नेलं. त्याने हसून विचारपूस केली, पाठीवर हात ठेवला, सुई टोचली आणि कागदाच्या पुडीत बारीक गोळ्या बांधून दिल्या. पुडीवर नाव नाही, गाव नाही.

तिसऱ्या दिवशी याडी मला हाक न मारता आखाड्यावर पोचली होती. "सोळा आणे!" ती लांबूनच ओरडली.

त्या डॉक्टरवर मी खूश होतो. सरकारी डॉक्टरला चार लोकांत शिव्या द्यायचो. पुडी संपली की नवी आणायची, असं कितीतरी महिने चाललं. याडीचा चेहरा भरला. बाया म्हणायच्या, म्हातारी पोराच्या राज्यात बाळसं धरून राहिली.

मग एका सकाळी तिने मला बोलावलं. "हे बघ रे. कडी फिरंनात."

तिच्या दोन्ही पायांत लग्नात चढवलेली चांदीची जाड कडी होती. बसल्या बसल्या ती हाताने फिरवायची तिला सवय होती. आता ती मांसात रुतली होती. मी खाली बसलो आणि धंद्याच्या सवयीने घोट्याच्या वर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना. सुई दिलेला तो बैल मला आठवला आणि माझं डोकं फिरलं.

आधी त्या खासगी डॉक्टरकडे गेलो. "पुडीत काय हाय ते सांग."

तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या आईला चालायचं होतं. मी चालवलं."

माझा हात उठला होता. याडी जीपमध्ये बसली होती म्हणून तो वाचला. तिथून तसाच सरकारी दवाखान्यात गेलो, रांग मोडून आत शिरलो आणि याडीचा पाय उचलून डॉक्टरच्या टेबलावर ठेवला.

"आता तरी बघा."

या वेळी डॉक्टर उठले. त्यांनी अंगठा दाबला, रक्तदाब मोजला, पुडी हुंगून बघितली. "स्टिरॉइड असणार. एकदम बंद करू नका, जीवावर बेतेल. मी सांगतो तशी हळूहळू उतरवायची. दुखणं परत येईल."

"आन् तुमी काय देणार? त्याच पांढऱ्या?"

त्यांनी मागचं कपाट उघडून दाखवलं. "दुखण्यासाठी माझ्याकडे एवढंच येतं. बाहेरचं लिहून दिलं तर निम्मे लोक चिठ्ठी घडी करून घरी नेतात. जास्त जोराचं दिलं तर या वयात पोटातून रक्त जातं. मग तुम्हीच सांगा, काय लिहू?"

मी कपाटात डोकावलो, पांढऱ्या आणि पिवळ्याच. दुपार कलली होती. त्यांचा डबा कोपऱ्यात न उघडलेला होता.

मधेच याडी बोलली. "डाक्टरसाब, माझं पाय माझ्याजवळ ऱ्हातील का?"

"राहतील. गोळी, शेक, मांडीचा व्यायाम आणि काठी. रुपयातले सहा आणे फरक पडेल."

"आठ करा."

"सहा. पण ते टिकतील."

याडीने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि पाय खाली घेतला. "बराबर. झाला सौदा."

पुढचे दोन महिने वाईट गेले. दुखण्याने ती रडायची, मला आणि डॉक्टरला एकत्र शिव्या द्यायची. मी त्या खासगी डॉक्टरच्या गल्लीत परत पाय ठेवला नाही. आजही नाव निघालं की तोंड कडू होतं. सूज मात्र उतरत गेली. एक दिवस ओसरीवर बसून तिने उजव्या पायातलं कडं फिरवलं आणि दिवसभर फिरवत राहिली.

त्यानंतर ती काठी घेऊन आखाड्याकडे निघाली. मधे दोनदा थांबली. मी मुद्दाम मागे राहिलो, डावा पाय कसा पडतो, उजवा किती ओढतो, ते बघत. कडी वाजत होती. तिसऱ्यांदा थांबून तिने मान वळवली.

"मागनं काहून बघून राहिला रे? मला बाजारात न्यायचं हाय का?"

आणि पुढे जाऊन तिने जनावरं सोडली.