संगणकाच्या पोटातल्या अक्षता

कुंभार पिंपळगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. गेल्या लग्नसराईत, ऐन कामाच्या दिवशी, तिथला संगणक सारखा बंद पडायला लागला. आधी कसली सूचना नाही, आवाज नाही. पडदा काळा, की संपलं.

समोरच्या खुर्चीत गावातलेच एक शेतकरी मुलीची पत्रिका करून घ्यायला बसले होते. जालन्याचा प्रेसवाला म्हणाला होता, संध्याकाळच्या आत फाइल आली तर आज छापतो. उद्यापासून मशीन दुसऱ्या मोठ्या कामाला लागणार. आजची वेळ हुकली तर लग्नाआधी गावोगाव पत्रिका पोचणं अवघड होतं. त्यात आमचं जुनं अक्षरवळण, म्हणजे फॉन्ट, फक्त याच संगणकात. दुसरीकडे उघडलं की 'चि. सौ. कां.'च्या जागी भलत्याच खुणा दिसायच्या.

प्रत्येक नावानंतर मी सेव्ह करते, त्यामुळे मजकूर सुरक्षित होता. पण पत्रिका पुरी होऊन जाईपर्यंत हा टिकायला तर हवा.

"ताई, लाइट गेली का?"

"नाही भाऊ. वर पंखा फिरतोय की."

म्हणजे वीज बाद. मी कारणं अशीच एकेक करून खोडत जाते. यूपीएस बाजूला ठेवून वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावली. दोन मावसभाऊ टाइप झाले आणि संगणक बंद. मागची पिन घट्ट दाबली. वायरच बदलली, प्रिंटरची लावली. तरी तेच.

"ह्यो बंद पडला की मला एक पाव्हणा आठवून राह्यलाय," ते म्हणाले. "बरंच झालं. साडूचं नाव राह्यलं असतं तर मंडपात रुसला असता."

"भाऊ, आता आठवणं बंद करा. नाहीतर पत्रिकेला जादा पान जोडावं लागेल."

एक गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देईना. बंद पडल्यावर लगेच चालू केला की तो लगेच जायचा; आम्ही चहा घेऊन चालू केला की बराच टिकायचा. वीज कमी पडत असेल तर चहाशी त्याचा काय संबंध? मी सीपीयूच्या डब्यावर तळहात ठेवला. नुकतंच उतरवलेलं दुधाचं पातेलं असावं तसा तो गरम होता.

बाजूचा पत्रा काढून क्षणभर चालू करून पाहिलं. आतला पंखा फिरत नव्हता, नुसता थरथरत होता. लगेच वायर काढली आणि मोबाइलचा उजेड आत धरला. पात्यांत धुळीबरोबर तांदळाचे लाल दाणे अडकले होते.

आमच्या सासूबाई दर शुक्रवारी दुकान उघडण्याआधी या डब्याची पूजा करतात. कुंकवाचं बोट, एक फूल, वर अक्षता. डब्याच्या माथ्यावर हवेसाठी जाळी आहे. वर उरलेल्या अक्षता मी पुसून घ्यायचे. बाकीच्या कुठे जातात हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"आत्याबाई, हे बघा," मी सासूबाईंना आतून हाक मारून बोलावलं.

"अगं बाई, तांदूळ? उंदीर गेल्ता का आत?"

"उंदीर कुंकू लावून तांदूळ नेतो का?"

वधूपिता हसले. सासूबाई नाही हसल्या. "मंग लक्ष्मीला अक्षता न्हाई वाहायच्या? दुकान काय नुसतं तुझ्या बटनांवर चालतंय?"

"वाहा की. पण टेबलावर."

"टेबल का लक्ष्मी हाय?" असं म्हणत त्यांनीच आतून रंगाचा कोरा ब्रश आणून दिला. मी एकेक दाणा चिमट्याने काढला, आणि अक्षता पायाखाली जाऊ नयेत म्हणून सासूबाई खाली ओंजळ धरून उभ्या राहिल्या. धूळ झाडली. बोटाने पातं ढकललं तर पंखा सहज फिरला.

संगणक चालू केला. या खेपेला पत्रा उघडाच ठेवला, कारण मला तो पंखा फिरताना पाहायचा होता. उरलेली नावं झाली. वधूपित्यांनी पडद्यावर बोट ठेवत ओळ न् ओळ वाचली आणि म्हणाले, "द्या पाठवून."

तिकडे अक्षरं बदलू नयेत म्हणून मी फाइल पीडीएफ करून पाठवली; ती जाईपर्यंत तिघंही पंख्याकडे बघत होतो. थोड्याच वेळात प्रेसवाल्याचा निरोप आला: मिळाली, छापायला घेतो.

वधूपित्यांनी उभं राहून घरी फोन लावला. "गेली पत्रिका," ते म्हणाले. "मुऱ्हाळ्याला सांग, परवा सकाळी गाडी काढ म्हणावं. पत्रिका देत देत लेकीबाळींना लग्नाला घेऊन यायचं."