वीस अक्षरांचा नवरा

आमच्या रिसोडच्या हापिसात माहिती जागच्या जागी ठेवायचं काम चालायचं. किश्श्यांसाठी तेवढा रकाना नव्हता, म्हणून ते माझ्या डोक्यात साचले. मी सर्व्हेच्या जीपचा ड्रायव्हर, सातवी नापास. डोक्यात जागा भरपूर.

काम असं की गजानननं गावोगाव फिरून टॅबवर प्रश्नावली भरायची, अन् स्नेहल मॅडमनं ती उत्तरं नीट राहतील असा डेटाबेस बांधायचा. सोमवारी पुण्याचे साहेब तो बघायला येणार होते. पसंत पडला तर मॅडमची नोकरीची ऑर्डर सहा महिने वाढणार, नाही तर टेबल खाली करायचं.

*

मॅडमनं नियम केला, "एक चूल म्हणजे एक कुटुंब."

धनजच्या एका घरात चहा गॅसवर अन् भाकरी चुलीवर. गजानननं बिनधास्त दोन कुटुंबं भरली. पहिल्यात पाच माणसं, दुसऱ्यात शून्य.

"हे दुसरं कुटुंब गेलं कुठं?" मॅडमनं विचारलं.

"गेलं नाही मॅडम. आलंच नव्हतं."

*

दुसरा नियम, रकाना रिकामा सोडायचा नाही. वय माहीत नसलं तर ९९ टाकायचं. केनवडची यादी आली अन् मी म्हटलं, "मॅडम, त्या गावचं पाणी बाटलीत भरून विका. बाई नव्व्याण्णवची, अन् तिचं लेकरू पाळण्यात."

"काका, तुमी चहा आणा."

*

एकदा जीपमध्ये गजानननं ट्रायल म्हणून माझाच फॉर्म भरला. व्यवसायाच्या यादीत शेतकरी, मजूर, नोकरी, दुकान. ड्रायव्हर नाही. त्यानं मले 'इतर'मध्ये टाकलं.

मी फाट्यावर गाडी उभी केली अन् चावी खिशात घातली.

"काका, काहून थांबले?"

"मी इतर माणूस. गाडी ड्रायव्हरनं चालवायची असते."

मॅडमनं तिथंच लॅपटॉप उघडला. यादीत ड्रायव्हर आला, मग जीप हलली.

*

केनवडच्या म्हाताऱ्या बाया नवऱ्याचं नाव घेईनात. गजानन रडकुंडीला आला. त्यातली सुभद्राबाई म्हणाली, "मी कशी घेऊ रे बाप्पा? मेल्या, त्यालेच इचार."

मी हळूच काडी लावली, "उखाण्यात घ्या ना."

झालं. पारावर बायांची रांग लागली. गजानन इमानदार, जे ऐकलं ते भरलं. पण मॅडमनं नावासाठी रकाना ठेवला होता वीस अक्षरांचा. बाकीचं रकान्यानं कापून टाकलं. शनिवारी मॅडमनं यादी उघडली.

पतीचे नाव: रिसोडच्या बाजारात सोयाबीनची रास,

पतीचे नाव: तुरीच्या शेंगेत दाणे भरले पाच, ना

"काका," मॅडमनं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला, "साऱ्या गावात एकही नवरा नाही. सोमवारी काय दाखवू?"

आग मीच लावलेली, म्हणून रविवारी डिझेल माझं. मॅडमनं रकाना दोनशे अक्षरांचा केला अन् आमी पुन्हा केनवडला गेलो. सुभद्राबाईनं अट घातली, "आधी तू घे."

घरी नवऱ्याला नुसतं 'अमित' म्हणणारी मॅडम लाजली, पण तिनं घेतलं. मग साऱ्यांनी घेतलं.

*

सोमवारी साहेबांनी पहिलंच बोट ठेवलं, "नावाला दोनशे अक्षरं कशाला?"

मॅडमनं यादी समोर केली. साहेब मोठ्यानं वाचायला लागले, "तुरीच्या शेंगेत दाणे भरले पाच, नामदेवरावांच्या कटकटीचा मलेच जाच."

पुढचं वाचलं. त्याच्या पुढचं वाचलं. चहावर साय धरली. गजानन अन् मी भिंतीला टेकून उभे, मॅडमचं लक्ष ऑर्डरच्या कागदावर.

शेवटी साहेबांनी पेन काढला, सही केली अन् कागद मॅडमकडं सरकवला. मग खिशातून फोन काढला, बायकोला लावला. स्पीकर चालू राहिला.

"अगं, लग्नात तू माझं नाव घेतलं होतंस ना, तो उखाणा काय होता?"

पलीकडून बायकोचा आवाज आला.

"कोण बोलतंय?"