सोपानमामांच्या खिळ्यावरच्या किल्ल्या

"सवे, तुझं मामा गेलं गं... आणि हे बघ, निघताना घरातला पाण्याचा मेन कॉक बंद करून ये. चार-पाच दिवस तरी ऱ्हावं लागंल हितं."

मामीचा फोन आला तेव्हा मी कापूरहोळला आमच्या पतसंस्थेत नुकतीच कामाला बसले होते. नवरा गेल्याचं सांगताना कुणी बाई मेन कॉकचं काय बोलेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण सोपानमामांच्या घरात ते वाक्य अगदी जागच्या जागी होतं. घराबाहेर मुक्काम असेल तर आधी पाणी बंद, मग गॅस, मग कुलूप, असा त्यांचा क्रम होता आणि तो त्यांनी आम्हा सगळ्यांच्या हाडात भिनवला होता. मी खोलीवर आले, मोरीच्या कोपऱ्यातल्या त्या कॉकवर हात ठेवला आणि तिथंच खाली बसून रडले. मग तो बंद केला आणि भोरची गाडी धरली.

मामा आदल्या दिवशी आंबवड्याला एका घरी नव्या मोरीचे नळ जोडून आले होते. सकाळी चहा घेऊन जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. मी पोहोचले तेव्हा त्यांच्या अंगठ्याला पांढऱ्या टेपचा एक तुकडा तसाच चिकटलेला होता, नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती टेप. कुणीतरी तो काढायला वाकलं, तर मामी म्हणाली, "असू द्या." बाहेरच्या खोलीत दाराशेजारी तो लांब खिळा होता आणि त्यावर लोकांच्या घरांच्या किल्ल्या लटकत होत्या. फाल्गुन संपत आला होता. चैत्रात गावची यात्रा. माणसं जमली होती ती मामांना निरोप द्यायला, पण येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या खिळ्याकडे एकदा बघत होता... कारण आता या किल्ल्यांचं काय, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या मनात होता.

त्या किल्ल्यांची गोष्ट सांगायला हवी. आमचं गाव हिर्डोशीच्या पुढं, घाटाच्या अंगाला. भात आणि नाचणी सोडली तर गावात दुसरं काही पिकत नाही, म्हणून तरणी माणसं पुण्याकडं कंपन्यांत गेली आणि त्यांच्या मागून बायका-पोरंही गेली. घरं मात्र त्यांनी मोडली नाहीत. उलट कमावत्यांनी ती नीट बांधली, वर काळी टाकी, आत न्हाणीघर, सगळं केलं आणि कुलूप लावलं. वर्षातून यात्रेला यायचं, फार तर गणपतीला. मामांचा नळजोडणीचा धंदा भोरात होता, पण ते मूळ याच गावचे. एका यात्रेला लोक एसटीतून उतरले, कुलपं उघडली आणि घरोघर नळ कोरडे निघाले. कुठं कॉक गच्च बसलेला, कुठं टाकीत मेलेली पाल, एका घरी तर पाईप फुटून भिंत भिजून पडायला आलेली. देवाची पालखी दारात यायची वेळ आणि बायका हंडे घेऊन झऱ्यावर. मामा नव्या सदऱ्यानिशी दिवसभर गावभर नळ दुरुस्त करत फिरले आणि संध्याकाळी पारावर उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "फुडल्या यात्रेपासनं किल्ल्या माझ्याकडं द्यायच्या. तुमी एष्टीतनं उतरायच्या आत नळाला पाणी पायजे. न्हाई आलं तर सोपानचं नाव बदला."

नाव बदलायची वेळ कधी आली नाही. यात्रेच्या आठवडाभर आधी मामा-मामी गावी जात आणि एकेक घर उघडत. टाकी घासायची, साचलेलं पाणी सोडून द्यायचं, मोटारीच्या अंगाला टेस्टर लावून, करंट उतरत नाही हे बघून मगच पाईपला हात लावायचा. ओल्या हातानं बटण दाबणाऱ्याला मामा शिव्याच देत. एवढ्या किल्ल्यांत कोणती कुणाची, हे ओळखायला त्यांनी चिठ्ठ्या लावल्या नाहीत. ज्या घरात जी वस्तू पहिल्यांदा बदलली, ती झिजलेली वस्तू त्यांनी त्या घराच्या किल्लीला सुतळीनं बांधली. एका किल्लीला नळातलं काळं पडून चिंबलेलं रबरी वायसर, एकीला नळाची तुटकी मूठ, एकीला गंजानं खाल्लेला लोखंडी पाईपचा तुकडा. श्रीपतीअण्णांच्या इवल्याशा किल्लीला टाकीतला बॉल बांधलेला, नारळाएवढा. टाकी भरली की पाणी थांबवतो तो बॉल. अण्णांच्या टाकीत तो फुटून बुडाला होता आणि पाणी दिवसेंदिवस वाहत राहिलं होतं. लोक मामांना हसत. मामा म्हणत, "कागदावरची अक्षरं पुसत्यात. घराचं दुखणं कदी इसरत न्हाई माणूस."

माझ्या पदवीची मुळंही त्याच खिळ्यावर आहेत. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली. बारावीनंतर मी भोरात मामांकडंच राहिले. दोन खोल्यांत मामा-मामी, त्यांच्या दोन मुली आणि मी. वर दिवसभर नळाच्या तक्रारी घेऊन येणारी माणसं. मला अभ्यासाला कोपरा मिळेना. शेजारच्या गल्लीत पुण्याला राहणाऱ्या एका कुटुंबाचं घर बंद होतं आणि किल्ली मामांकडं होती. दुसऱ्या कुणी गुपचूप दार उघडून दिलं असतं. मामांनी मला समोर बसवून मालकिणीला फोन लावला. आवाज नेहमीसारखाच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "वैनी, माझी भाची कॉलेजला हाय. तुमच्या घरात दुपारी बसंल वाचत. त्याच्या बदल्यात ती रोज सगळे नळ सोडून बघंल. वापरातला नळ सडत न्हाई वैनी, बंद नळच सडतो." तिकडून हो आलं. मग मामांनी मला नियम सांगितले. आपली सतरंजी आपण न्यायची, त्यांच्या खुर्चीवर बसायचं नाही, कपाटाकडं बघायचंही नाही आणि निघताना मेन कॉक बंद. तीन वर्षं मी त्या घराच्या फरशीवर बसून बी.कॉम.चा अभ्यास केला. आधी नळ सोडायचे, पहिलं तांबूस पाणी जाऊ द्यायचं, मग पुस्तक उघडायचं. निकाल लागला तेव्हा मालकिणीनं पेढे मागितले. ती भोरला आली तेव्हा मामांनी ते तिच्याच दारात, पण उंबऱ्याबाहेर उभं राहून दिले.

मामा गरीब स्वभावाचे, कमी बोलणारे वगैरे अजिबात नव्हते. भोरात पाणी माझ्या परवानगीनं येतं, असं ते चारचौघांत सांगत. नळ गळतो म्हणून तो जीव खाऊन पिळणाऱ्या बायकांना विचारत, "नळ हाय का पैलवान? वायसर झिजलंय त्याचं, आन तुमी त्याची मान आवळताय." प्लास्टिकचे पाईप आले तेव्हा त्यांनी भर दुकानात ते गुडघ्यावर मोडून दाखवायचा प्रयत्न केला. पाईप मोडला नाही, गुडघा मात्र सुजला. पुढं तेच पाईप त्यांनी जन्मभर बसवले आणि "म्या तर पयल्यापासनं सांगत हुतो" असं म्हणू लागले. मामी अशा वेळी छताकडं बघायची.

पण धोक्याच्या गोष्टीत त्यांची चेष्टा बंद व्हायची. शेजारच्या सुभद्राकाकूंच्या गिझरच्या वरच्या बारक्या नळीतून पाणी तापताना थेंब पडायचे. काकूंनी वैतागून नळीत बाभळीची काडी ठोकून बसवली. मामा त्यांच्याकडं दुसऱ्याच कामाला गेले होते, तेव्हा त्यांना ती काडी दिसली. त्यांनी आधी गिझरचं बटण बंद केलं, सगळ्यांना न्हाणीतून बाहेर काढलं आणि स्वतः दार अडवून उभे राहिले.

"अवो, दोन थेंबांपायी केवढा दंगा!" काकू म्हणाल्या.

"काकू, कुकरची शिट्टी काढून तितं काडी ठोकाल का?"

"म्या कशाला ठोकंन?"

"मग हितं काय केलंय? त्यो थेंब म्हंजे गळती न्हाई, त्यो गिझरचा श्वास हाय. लई पाणी पडाय लागलं तर मला हाका मारा. पर त्याचं तोंड दाबू नगा."

पाणी पूर्ण गार होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. काकूंनी चहा आणला तोही उभ्यानंच प्यायले.

माझ्या पहिल्या पगारात मी आईसाठी गॅसचा गिझर घेतला तेव्हाही असंच झालं. आमची गावची न्हाणी लहान, खिडकी नाही. मामांनी गिझर उचलला तो थेट मागच्या पडवीत, बाहेरच्या भिंतीवर लावला आणि नुसता गरम पाण्याचा पाईप आत घेतला. मला ते बरं दिसेना. पाहुणे काय म्हणतील, मी म्हटलं. "आत बसवला तर पाव्हणे येतीलच," मामा म्हणाले, "पर येगळ्या कामाला येतील." मग जरा थांबून, आवाज उतरवून त्यांनी सांगितलं की कोंडलेल्या जागेत गॅस जळायला लागला की तो हवा खातो आणि जे विष होतं त्याला ना वास ना रंग, माणसाला नुसती झोप येते... त्यांच्या ओळखीतली एक तरणी मुलगी अशीच गेली होती. तेव्हापासून खिडकी नसलेल्या न्हाणीत त्यांनी कुणाचाही गॅस गिझर बसवला नाही. गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं तर जाऊ दिलं, पण जाताना त्याच्या बायकोला गाठून सगळं समजावून सांगायचे.

तेराव्यानंतर फोन सुरू झाले. कुणी सरळ, कुणी आडून, पण किल्ली परत हवी होती. कोण काय करणार, लोकांची घरं होती ती. श्रीपतीअण्णा गावातले वडीलधारे, त्यांचा फोन मीच घेतला. "पोरी, सोपान हुता तवर ठीक हुतं. आता टाक्या, मोटारी कोन बघनार? बाईमानसाचं काम हाय का त्ये? यात्रंला येतोय, तवा किल्ली काढून ठिवा." मी मामीला सांगितलं. मामी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. "मागतील त्यांना देऊ की. पर यात्रा झाल्यावर. त्यांनी सांगितलंय न्हवं, एष्टीतनं उतरायच्या आत पाणी पायजे. ह्या वर्साचं पाणी आपून देऊ. मग ज्याची किल्ली त्याला." मी विचारलं, "तुला जमंल?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. इतकी वर्षं मामा वर टाकीवर असायचे तेव्हा खाली कॉकपाशी मामीच असायची.

यात्रेआधी मी रजा काढली आणि आम्ही दोघी मामांची पिशवी घेऊन गावी गेलो. मामी किल्ली हातात घ्यायची, बांधलेली वस्तू अंगठ्यानं चाचपायची आणि घराचं नाव घ्यायची. ही तुटकी मूठ पाटीलबुवांची, त्यांचा धाकटा नळाला लोंबकळला हुता. हे वायसर सखूआक्काचं. ती सांगत होती आणि मी वर टाक्यांत उतरून घासत होते. दोन टाक्यांत पाली निघाल्या. एका मोटारीच्या अंगाला टेस्टर पेटला, करंट उतरला होता. तिथं मामीनं मेन स्विच पाडला, बोर्डावर खडूनं फुली मारली आणि वायरमन आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही म्हणून शेजारणीला सांगून ठेवलं. सगळ्यात शेवटी अण्णांचं घर. तिथला कॉक दगडासारखा बसलेला. मी पाना घेऊन जोर लावणार, तर मामीनं मनगट धरलं. "मान मोडशील त्याची. थोडं त्याल सोड. आता जराशी फुडं, जराशी मागं... दाराची कडी उघडल्यागत." आम्ही तेल सोडून ओट्यावर बसून भाकरी खाल्ली. मग पुन्हा पुढं-मागं. कितीतरी वेळानं तो कुरकुरला आणि हलला. पाईपात आधी हवा खाकरली, मग लाल पाणी आलं, मग पिवळट आणि मग स्वच्छ. मामीनं ओंजळ भरली, पाण्याकडं बघितलं आणि पदरानं डोळे पुसले. त्या सगळ्या दिवसांत मी तिला रडताना बघितलं ते तेवढंच.

यात्रेच्या दिवशी एसटी आली. अण्णा काठी टेकत उतरले, घरात गेले. आम्ही दोघी पलीकडच्या ओट्यावर होतो. आतून नळाचा आवाज आला, मग बंद झाला, पुन्हा आला. ते सगळे नळ तपासत होते. बाहेर आले तेव्हा मिशा ओल्या होत्या. पालखी झाली, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी जायच्या वेळी मामी स्वतः त्यांच्याकडं गेली आणि तिनं किल्ली पुढं केली, बॉलसकट.

अण्णांनी ती घेतली. पिशवीत घालून बघितली, बॉल मावेना. कोटाच्या खिशाला लावून बघितली. सून पदराआड हसायला लागली. सुतळी तोडली असती तर किल्ली मुठीतसुद्धा मावली असती. अण्णांनी ती तोडली नाही.

"हौसाबाई," ते म्हणाले, "ह्यो धोंडा म्या पुन्यात कुठं ठिवू? तुमच्याच खिळ्यावर ऱ्हाऊ द्या. आन टाकीचं झाकन जरा ढिलं लागतंय, फुडल्या टायमाला बघा."

"बघते की," मामी म्हणाली. "तुमी निघताना मेन बंद केला का?"

अण्णा काठी टेकत परत घरात गेले.

त्या यात्रेला दोन-तीन घरांनी किल्ल्या नेल्या, राग नाही. बाकीच्या भोरात त्याच खिळ्यावर आहेत. दार लावलं की पाईपचा तुकडा भिंतीवर वाजतो आणि बॉल हलतो, मामा घरात असताना वाजायचा तसाच. मी गेल्या रविवारी गेले तेव्हा खिळ्यावर एक नवी किल्ली दिसली. गावातल्या एका मुलानं घर बांधलं आणि किल्ली आणून मामीच्या हातात दिली. त्या किल्लीला नुसती सुतळी आहे, खाली काही बांधलेलं नाही. मी मामीला विचारलं, हिला काही नाही का?

"अजून काय झिजलंच न्हाई तितं," मामी म्हणाली. "झिजलं की बांधीन."