काळ्या पाडसाची आई

जर्मनीत हानोव्हरच्या पश्चिमेला ओस्टरलोचं रान आहे. तिथली हरणं भेकराएवढीच, पण दोन रंगांची. बरीचशी तांबूस, बाकीची कोळशासारखी काळी. एकाच आईच्या पोटी एक तांबडं आणि एक काळं पाडस निपजलं, तरी गावात कुणाला नवल वाटत नसे. हिनरिक बेन्सन या रानाचा रखवालदार. त्याच्या आधी त्याचा बाप होता. हिनरिक फार कमी बोलायचा, आणि बोललाच तर झाडांच्या किडीविषयी नाहीतर हरणांच्या लेंड्यांविषयी.

दुसरं महायुद्ध संपल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हा रानातल्या शिकारीचा हक्क शहरातल्या ओल्ट्रोग नावाच्या वीटभट्टीवाल्याने घेतला. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "बेन्सन, सगळं रान काळं करायचं. तांबडं दिसलं की उडवायचं. काळं हरीण मारायला लोक लांबून येतील."

"साहेब, काळीच्या पोटीही तांबडं येतं."

"मग तेही उडवायचं."

घरी हिनरिकने बायकोला हे सांगितलं. गेशे बटाटे सोलत होती. "म्हणजे आता हरणांचीसुद्धा रंगावरून निवड?" ती म्हणाली.

"हळू बोल."

"आता कशाला हळू? हळू बोलायचे दिवस गेले ना?"

घर नोकरीचं होतं आणि गेशेची छाती अधू होती. दोन हिवाळे त्याने तांबडी हरणं मारली.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात ओल्ट्रोग त्याच्यासोबत मचाणावर बसला होता. ओटच्या कापलेल्या शेताच्या कडेला एक तांबडी हरणी आली. मागे तिचं पाडस, काळं कुळकुळीत.

"मार तिला," ओल्ट्रोग कुजबुजला.

"साहेब, पिलू अजून अंगावर पितंय. आईला मारायचं तर आधी पिलाला मारतात. बापाने मला हेच शिकवलंय."

"काळ्याला हात लावायचा नाही. आईला मार म्हटलं ना!"

हिनरिकने गोळी झाडली. हरणी जागच्या जागी कोसळली. पाडस पळालं, पण तो तिचं पोट फाडून साफ करत असताना ते परत आलं आणि वीसेक पावलांवर उभं राहून बारीक शीळ घातल्यासारखं ओरडू लागलं. गाडीमागोमाग ते शेताच्या टोकापर्यंत आलं. हिनरिकने मागे वळून पाहिलं नाही. ओल्ट्रोग मात्र खुशीत होता. "बघ, कसं चमकतंय!" तो म्हणाला.

त्यानंतर हिनरिक रोज तिथे ओट आणि कोवळा पाला ठेवून यायचा. ते सगळं रानडुकरंच खाऊन जात. नोव्हेंबरात त्याला पाडस एका चरात पडलेलं सापडलं. अंगावरचे केस झडले होते, फासळ्या वर आल्या होत्या. हिनरिकला पाहून पाडसाने उठायची धडपड केली, पण मागचे पाय साथ देईनात. हिनरिकने त्याचे डोळे हाताने झाकले आणि सुरीने त्याला सोडवलं.

ते खांद्यावर टाकून तो शिकारघराकडे गेला आणि त्याने ते ओल्ट्रोगच्या पायरीवर ठेवलं.

"हे तर काळं होतं!" ओल्ट्रोग किंचाळला. "कुणाला विचारून मारलंस?"

"तुम्हीच सांगितलंत, साहेब. सप्टेंबरात."

नाताळाआधी घर खाली करावं लागलं. गेशेच्या भावाने साखर कारखान्याजवळ एक ओलसर खोली दिली. हिनरिक साखरेसाठी आलेल्या बिटाच्या गाड्या रिकाम्या करू लागला. दुसऱ्या हिवाळ्यात गेशे गेली. शेवटचे आठ दिवस तिला उशीला टेकून बसूनच झोपावं लागलं.

पुढे कधीतरी ओस्टरलोचा सुतार कारखान्याच्या फाटकाशी भेटला. म्हणाला, "नव्या रखवालदारानेही तांबडी मारली. पण पुढच्या मे महिन्यात काळीला पुन्हा तांबडंच झालं. ओल्ट्रोग वैतागून सोडून गेला. रान काही काळं झालं नाही रे हिनरिक, नुसतं रिकामं झालं."

"माझी कामाची पाळी सुरू झालीय," हिनरिक म्हणाला, आणि फावडं उचलून आत गेला.