गिरणगाव नावाचा लघुग्रह

आमच्या लघुग्रहाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा नाव सुचवायचा हक्क असलेल्या आम्ही दोघीच होतो, आणि दुसरी कॅनडात होती.

परळच्या कॉलेजात असताना आम्ही दोघी मैत्रिणी लघुग्रह शोधायच्या मोहिमेत होतो. परदेशातल्या दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने काढलेले चार फोटो यायचे. ते कॉम्प्युटरवर एकामागून एक फिरवत बसायचं. तारे जागेवरच राहतात. एखादा ठिपका सरकला तर तो आपला. एका दुपारी तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. "अगं ए, बघ ना! चालतोय मेला!"

मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला निघाला. त्याची कक्षा पक्की व्हायला वर्षं गेली. तोवर आमची चाळ पडली, बाबा वारले, मैत्रीण कॅनडाला गेली, आणि मी गिरणी कामगारांच्या घरांसाठी पत्रकं लिहायला लागले.

मग नावं मंजूर करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीची मेल आली. क्रमांक पडलाय, नाव सुचवा, सोळा अक्षरांच्या आत. सोबत दोन ओळींत कारण.

नाव ठरलेलंच होतं: गिरणगाव. बाबा ज्या गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचे तिथे आज काचेचा मॉल आहे. आमच्या जमिनीवर टॉवर बांधले ते बांधले, वर बोर्डांवर 'अप्पर अमुक', 'न्यू तमुक' लिहून नावसुद्धा गिळलं. निदान एका दगडावर तरी ते राहू दे!

पण 'कारण' म्हणून मी लिहिलं ते पत्रकच झालं. वर 'जाहीर निषेध', खाली तीन मागण्या. हाताला तेवढंच वळण आहे.

मैत्रीण फोनवर हसत सुटली. "बाई गं, त्या समितीने काय मंत्रालयावर मोर्चा काढायचा?"

मी हट्टाने तेच पाठवलं. ते परत आलं. राजकीय मजकूर चालत नाही, साधं लिहा. आठवडाभर धुमसले. निषेध काढला तर उरतं काय? शेवटी एक ओळ उरली: मुंबईतला, कापड गिरण्यांच्या कामगारांचा भाग. ती मंजूर झाली.

चाळ असती तर गॅलरीतून एक हाक मारली असती, सगळा मजला गोळा झाला असता. आता त्याच जागेवरच्या बिल्डिंगमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहते. सगळी दारं बंद. मैत्रिणीला कळवलं, तिने फोनवर एक लाल बदाम पाठवला. तिच्याकडे झोपायची वेळ होती.

मग मला येतं तेच केलं. पत्रक लिहिलं, 'आपल्या गिरणगावाचं नाव आकाशात', झेरॉक्स काढल्या, आणि रविवारी दुपारी एकेक मजला उतरत दाराखालून सरकवल्या.

संध्याकाळी बेल वाजली. धावत गेले. वॉचमन होता, हातात माझ्याच पत्रकांचा गठ्ठा.

"मॅडम, कंप्लेंट आया है. परमिशन के बिना नहीं डालने का."

मी भांडायच्या तयारीत. तो मात्र वरचा कागद बोटाने वाचत होता. "ये गिरणगाव किधर है?"

अख्खं भाषण तोंडाशी आलं होतं. पण एवढंही कुणी विचारलं नव्हतं. मी त्याला खिडकीशी नेलं.

"वो मिल की चिमणी दिखती है? एक ही बची है."

"हां."

"वहां से यहां तक. आप खड़े हो ना, वहां भी."

त्याने पायाखालच्या लादीकडे पाहिलं. "अच्छा." लिफ्टपाशी जाताना एक पत्रक घडी घालून खिशात टाकलं. बाकीची माझ्या हातात परत दिली.