शर्यतीच्या जाहिरातीतले मेहुणे

सोलापूर शहर व पंचक्रोशीतील तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मोटारसायकल शर्यतीच्या जाहिरातीत मोटारसायकल नसली तरी चालते. प्रायोजकाचा मेहुणा नसेल तर चालत नाही. सात रस्ता चौकात जाहिरात एजन्सी चालवून मी एवढंच शिकलो, आणि आता शिकण्याचाही कंटाळा आला आहे.

माझ्या गॅरेजवाल्या मित्राने होटगीच्या अलीकडे माळावर शर्यत ठेवली होती. पहिलीच. प्रायोजक चादरीचे एक व्यापारी होते; गर्दी जमली तरच ते पुढच्या वर्षीही राहणार होते. नाही जमली तर पहिली तीच शेवटची. मित्राची झोप उडाली होती.

वर्तमानपत्राचं अर्धं पान घेतलं. मधोमध उडी मारणारी मोटारसायकल लावली. व्यापाऱ्यांनी नमुना पाहिला.

"आमचे वडील कुठायत?"

"ते वारले ना, मालक?"

"म्हणून तर. आशीर्वाद त्यांचाच की."

वडील आले, हारासकट. मग शुभेच्छुक म्हणून भाऊ आले. भाऊ आले म्हणून मेहुणे रुसले, तेही आले. सगळ्यांना जागा करून देता देता मोटारसायकल डासाएवढी झाली. शेवटी धाकट्या मेहुण्यांचा फोटो येऊन पोचला, तेव्हा काढण्यासारखी एकच ओळ उरली होती. शर्यतीचं ठिकाण आणि वेळ.

"ही नको काढायला," मी म्हणालो.

मित्र खुर्चीत कोसळून बसला होता. "काढा भाई. रेस कुटं हाय ते सगळ्यांना माहीत हाय की. गॅरेजला येणारं गिऱ्हाईक दुसरं काय बोलतच न्हाय."

जाहिरात गाजली. मेहुण्यांना दिवसभर अभिनंदनाचे फोन आले.

शर्यतीच्या सकाळी माळावर स्पर्धक होते, रुग्णवाहिका होती, भज्यांचा गाडा होता आणि जाहिरातीतली सगळी हयात मंडळी कडक इस्त्रीत हजर होती. बाकी धूळ. गाड्या जीव तोडून पळत होत्या आणि मित्र मात्र रस्त्याकडे बघत होता. एखादी रिक्षा दिसली की उठायचा. ती सरळ पुढे निघून गेली की बसायचा.

शर्यत संपली तसे व्यापारी आमच्याकडे आले. मित्राने मान खाली घातली. व्यापाऱ्यांनी कुंपणावर टांगलेल्या आपल्या दुकानाच्या बोर्डांवरून सावकाश नजर फिरवली आणि म्हणाले,

"गर्दी न्हाय ते लई बरं झालं बघा. आपला बोर्ड ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायलाय. पुढच्या वर्षी बी असंच ठेवा की."